पंखा ओरडला नाही

१

साहेबांनी केबल उपटली तेव्हा पडद्यावरचे वैद्यबुवा "ऐकू येतंय ना?" असं विचारत होते. "ऐकू" एवढंच आमच्यापर्यंत आलं. पुढे बुवा तोंड उघडं टाकून जे गोठले ते गोठलेच. हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांनी आधी पडद्याकडे, मग एकमेकांकडे आणि शेवटी साहेबांच्या हातातल्या केबलकडे पाहिलं.

हे पाहुणे दूरदूरच्या दवाखान्यांना शहरातल्या डॉक्टरांशी जोडणारी यंत्रणा शोधत होते, आणि आमच्याकडे एकच गोष्ट पाहायला आले होते. मध्येच केबल तुटली तरी बोलणं तुटत नाही, ही. आम्ही त्यांना नेमकं उलट दाखवलं होतं.

मी या संस्थेत माहितीपुस्तिका लिहितो. त्या कुणी वाचत नाही, त्यामुळे माझ्यावर कुणाचा रागही नाही. पण त्या क्षणी मला सुगरणीकडे बघवेना.

सुगरण हे तिचं खरं नाव नव्हे. काडी काडी विणत कोड लिहिते म्हणून पडलेलं. संगणक बाहेरच्या जगाशी बोलतो ते काम त्याच्या पोटातला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधला, एक भाग करत असतो. आमचा जुना भाग एका वेळी एकच वाट धरतो. ती तुटली की संभाषण संपलं. सुगरणीने हा भाग मुळापासून नवा लिहिला होता. तो केबलची वाट आणि बिनतारी वाट, दोन्ही एकदम हातात धरतो. एक सुटली तर दुसरीवरून वाक्य पुरं करतो. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलेल्या भल्याभल्यांनी नाद सोडला होता.

आणि ते चाललं होतं! आदल्या संध्याकाळी, याच हॉलमध्ये, याच मोठ्या यंत्रावर. आम्ही सगळे उभे होतो. तिने केबल काढली, लावली, पुन्हा काढली, आणि तळघरातल्या यंत्रांच्या खोलीत बसलेले वैद्यबुवा, म्हणजे इमारतीतल्या यंत्रांची देखभाल करणारे आमचे गृहस्थ, आम्हाला पाण्याच्या टाकीची तक्रार अखंड ऐकवत राहिले. मी टाळ्या वाजवल्या. संस्थेत कुणाचंही कौतुक न करण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या खडूस सरांनीही एक भुवई वर केली होती.

पाहुण्यांना दुसरे विभाग दाखवायला नेल्यावर साहेब पडद्याच्या अगदी जवळ गेले. डोळे बारीक करून, नाक टेकेल इतके वाकून त्यांनी कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा वाचला.

"आकडा नवाच आहे. म्हणजे हे तुझंच काम चालू आहे. बरोबर?"

"हो, सर."

"यंत्र तेच?"

"तेच."

"मग काल चाललं आणि आज नाही, असं कसं? याचा अर्थ एकच होतो. काल आम्हाला दाखवलंस ती हातचलाखी होती."

साहेबांनी हॉलला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "कुणीही कशालाही हात लावायचा नाही. तुझ्या खोलीतल्या यंत्रालासुद्धा. नाहीतर मागाहून दुरुस्त केलं म्हणतील. पाहुणे जेवून परत येतील, तोवर मला उत्तर हवं. नाही मिळालं, तर आमचीच फसवणूक झाली असं मला त्यांना सांगावं लागेल. नाव घेऊन."

या धंद्यात माणसाचं नाव एकदा असं गेलं की कुठेही परत येत नाही. सुगरणीला ते माहीत होतं. ती भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली.

मी बाहेर जाऊन आत्याला फोन लावला आणि पाहिलं-ऐकलं ते सगळं सांगितलं.

२

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. या इमारतीतली पहिली केबल तिने ओढली, पहिलं नेटवर्क तिने उभं केलं, आणि आमच्या साहेबांना टायपिंगसुद्धा तिने शिकवलं. निवृत्त होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि तिथून आम्हा सगळ्यांना नावं ठेवते. मला माणूस म्हणून तिच्याइतका आदर दुसऱ्या कुणाबद्दल वाटत नाही, पण हे तिला सांगायची सोय नाही. लगेच म्हणते, "काय काम आहे ते बोल."

ती जिने चढून आली. पहाटे वीज गेली होती आणि ती परत आल्यावरही लिफ्ट बंदच होती, त्यामुळे सकाळी मीही धापा टाकत जिन्यानेच वर आलो होतो. आता लिफ्ट चालू होती, पण लिफ्टमध्ये लोक प्रश्न विचारतात म्हणून आत्या ती टाळते.

सुगरण चहाच्या खोलीत बसली होती. आत्याने तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"मॅडम, मी खरंच..."

"मॅडम राहू दे. आत्या म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. काल या यंत्रावर तुझं काम कसं चढवलंस?"

"सोर्स नेला, बिल्ड लावला, इन्स्टॉल केला, यंत्र पुन्हा चालू..."

"सांगू नकोस. करून दाखव."

"पण हॉलला कुलूप आहे."

"टेबल आहे ना? बोटं आहेत ना?"

सुगरणीने डोळे मिटले आणि उघड्या टेबलावर बोटं चालवली. आधी एक छोटीशी टकटक. मग थांबून आणखी एक. मग हात मांडीवर.

"आता वाट बघायची," ती डोळे न उघडता म्हणाली. "बराच वेळ लागतो. बिल्ड म्हणजे सगळा सोर्स, मी लिहिलेला कोड, यंत्राच्या भाषेत उतरायचा असतो. मोठ्या यंत्राचा पंखा तर असा ओरडतो की बाजूच्या खोलीतले लोक भिंत ठोकतात." मग पुन्हा टकटक. "इन्स्टॉल. आणि रीस्टार्ट."

आत्या तिच्या चेहऱ्याकडे नाही, बोटांकडे बघत होती. "तुझं स्वतःचं यंत्र कसलं आहे गं?"

"जुनाट खोकं आहे. पण प्रयोगाचं काम, म्हणून ते कुठल्याच नेटवर्कला जोडायचं नाही असा नियम आहे. माझ्या कोडने चूक केली तर सगळ्या इमारतीचं बोलणं बंद पडेल. मग काय, सगळी ने-आण पेनड्राइव्हने. एक प्रत वैद्यबुवांकडे ठेवायला देते. संध्याकाळी घरी जाताना प्लग काढून ठेवायचा, हा साहेबांचा आणखी एक नियम."

"आणि तिचं नशीबही तसलंच," मी वातावरण हलकं करायला म्हणालो. "पुस्तिकेसाठी ही मला माझ्या पेनड्राइव्हवर चित्रं देते ना, ती तिथल्या यादीत नेहमी तळाला जाऊन बसतात. पार जुन्यापुराण्या फायलींच्या खाली. काल दिलेलं चित्र शोधायला मला पाताळात उतरावं लागतं."

सुगरण कसंनुसं हसली. आत्या हसली नाही. ती माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिली की माझ्या शर्टाला काही लागलंय का म्हणून मी खाली पाहिलं.

"तुझ्यावर कुणाचा दात आहे?" तिने सुगरणीला विचारलं.

"माहीत नाही. खडूस सरांना माझं काम आवडत नाही. जुना भाग त्यांनी लिहिलाय. माझा बसला की त्यांचा निघणार. पण ते असं करतील असं मला म्हणायचं नाही. मी खोटी नाही, एवढंच कुणीतरी सांगा."

आणि मग मला आठवलं ते मी बोलून टाकलं. सकाळी लवकर आलो तेव्हा खडूस सर हॉलच्या दारातून बाहेर पडताना दिसले होते. मला बघून त्यांनी काहीतरी चटकन कोटाच्या आत सारलं होतं.

३

खडूस सर हॉलला लागून असलेल्या छोट्या खोलीत बसतात. आम्ही शिरलो तेव्हा त्यांनी ड्रॉवर धाडकन बंद केला.

"बाई, तुम्ही?" ते उठून उभे राहिले. "या, बसा. ती पोरगी फसली म्हणून आलात ना? वाईट झालं."

"वाईट झालं असं तुला वाटतं?"

"मला काय वाटतं ते कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. सकाळी हॉलमध्ये काय करत होतास?"

सरांचा चेहरा लाल झाला. "हॉल सगळ्यांचा आहे."

"कोटात काय घातलंस?"

"ते माझं खासगी आहे."

आत्याने हात पुढे केला. शाळेत पोराच्या तोंडातली गोळी काढून घेणाऱ्या बाईंसारखा. मला वाटलं आता भांडण होणार. पण सरांनी ड्रॉवर उघडला आणि कागदांचा एक गठ्ठा तिच्या हातावर ठेवला.

सुगरणीचा कोड होता, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत छापलेला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपणं.

"हॉलमधला प्रिंटर चांगला आहे," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "कुणी यायच्या आत माझ्या यंत्रावरून छापून घेतो. इथे बसून वाचतो. आधी चूक काढायला घेतलं होतं, लपवत नाही. माझं काम मोडीत निघणार तर निदान तिची एक चूक तरी सापडावी."

"सापडली?"

"नाही. मग पुन्हा वाचलं. आता नुसतं मजेसाठी वाचतो." त्यांनी एक पान काढून माझ्या नाकासमोर धरलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. "हे बघा! एक वाट सुटताना दुसरीवर उडी कशी मारायची, यावर मी आयुष्य घालवलं. हिने उडीच काढून टाकली. दोन्ही वाटा पहिल्यापासून आपल्याच, मग उडी कसली? मला हे सुचायला हवं होतं, बाई. नाही सुचलं."

टिपणांपैकी एक मला वाचता आलं. "वा." एवढंच लिहिलं होतं. पुढच्या पानावर पुन्हा, "वा."

"हे तिला सांगितलंस?" आत्याने विचारलं.

"मी कुणाला असलं काही सांगतो का?"

"गाढव आहेस." आत्या हे इतक्या मायेने म्हणाली की सर हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "आता मला सांग. छापून झाल्यावर तू इथेच होतास. भिंतीपलीकडून काय ऐकलंस?"

सरांनी आठवून पाहिलं. "यंत्र चालू होताना शिटी मारतं ना, ती दोनदा ऐकली. एकदा वाजली, मग थोड्या वेळाने पुन्हा. मला वाटलं पोरगीच तयारी करतेय."

"आणि मध्ये? पंखा?"

"पंखा ओरडला असता तर मी भिंत ठोकली असती. गप्प होता. माशी उडाली असती तरी ऐकू आली असती."

आत्याने गठ्ठा सरांना परत दिला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "म्हणजे सकाळी हॉलमध्ये कुणीतरी होतं! पण पंखा ओरडला नाही, म्हणजे नवं काही बिल्ड झालं नाही. आणि आकडा तर नवाच आहे. म्हणजे कुणी काहीच केलं नाही."

"शहाण्या, यंत्र दोनदा चालू झालं ते काय हौसेनं?" आत्या जिन्याकडे वळली. "चल, तुझ्या साहेबाला एक प्रश्न विचारू. तो सकाळी वाकून का वाचत होता?"

४

साहेब आत्यासमोर अजूनही हात मागे बांधून उभे राहतात.

"अरे, तू चष्मा अजून घालत नाहीस?"

"गरज नाही, बाई."

"काल संध्याकाळी पडदा कुठून वाचलास?"

"मागच्या भिंतीपाशी उभा होतो. स्वच्छ दिसत होतं. तिने माझ्यासाठी अक्षरं मोठी केली होती. तेवढी तिला समज आहे, हे मी नाकारत नाही."

"आणि आज?"

साहेबांनी डोळे बारीक केले, सकाळी पडद्यासमोर केले होते तसे. मलाही तेव्हाच उमगलं. आज अक्षरं पुन्हा बारीक झाली होती.

"ती परत लहान कुणी केली?" साहेबांनी विचारलं.

"कुणीच नाही. ती मोठी झालीच नव्हती," आत्या म्हणाली. "तुझं यंत्र कालची संध्याकाळ विसरलंय."

मग आत्या मला घेऊन तळघरात उतरली. तिथली यंत्रांची खोली नेहमी थंड असते. वैद्यबुवा तिथे स्वेटर घालून बसतात. इमारतीतल्या प्रत्येक यंत्राची नाडी त्यांना ठाऊक. कुणाचं काही बिघडलं तर तक्रार करायच्या आत दुरुस्त झालेलं असतं, आणि कधी झालं, कुणी केलं, हे कळतही नाही. त्यांच्या कामाला आवाज नसतो. मी या माणसाला कधी रागावलेलं पाहिलं नाही, आणि त्या दिवशी होते तितकं उदासही पाहिलं नव्हतं.

"तिला काढून टाकतील का हो, बाई?" आम्ही बसायच्या आत त्यांनी विचारलं.

"उत्तर सापडलं नाही तर टाकतील. तुम्हाला काही माहीत आहे?"

"नाही."

"बुवा, मी तुम्हाला किती वर्षं ओळखते?"

"मी काही बोलणार नाही, बाई." त्यांनी हातातला पाण्याचा पेला बाजूला ठेवला. "मला काही विचारू नका. मी बोललो तर त्या पोरीचं पुरतं वाटोळं होईल."

मी आत्याकडे पाहिलं. बुवा बोलले तर सुगरणीचंच वाटोळं? म्हणजे साहेब खरं म्हणत होते की काय? काल आमच्या डोळ्यांदेखत खरंच हातचलाखी झाली होती?

आत्या मात्र उठून उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते. "किती चांगला माणूस आहात हो तुम्ही," ती म्हणाली. "आणि किती मोठा घोळ घालून ठेवलात. चला वर."

५

साहेबांनी हॉल उघडला. आत्याने सगळ्यांना आत घेतलं. खडूस सर दारात उभे राहिले, सुगरण कोपऱ्यात.

"मी सांगते, चुकलं तर अडवा," आत्या म्हणाली. "पहाटे वीज गेली. परत येताना झटका बसला आणि हे मोठं यंत्र उठेना. पाहुणे यायचे होते. बुवांनी कुणाला घाबरवलं नाही, ते कधीच घाबरवत नाहीत. त्यांनी आपल्या जपून ठेवलेल्या बॅकअपमधून यंत्र पूर्वीसारखं उभं केलं. ती पहिली शिटी. पण बॅकअप होता मागच्या आठवड्याचा. त्यात मोठी अक्षरं नव्हती आणि सुगरणीचं कालचं कामही नव्हतं. होता तो तिचा मागचा, अर्धवट प्रयत्न. खरं ना, बुवा?"

बुवांनी मान खाली घातली. "मग माझ्याकडे ठेवायला दिलेला तिचा पेनड्राइव्ह घेतला. त्यातला सोर्स जसाच्या तसा यंत्रावर उतरवला, बिल्ड लावला, इन्स्टॉल केला, यंत्र पुन्हा चालू केलं. आकडा नवा आला. म्हटलं, झालं काम. आणि पाहुण्यांसमोर ते तुटलं. बाई, मी तिचंच काम माझ्या हाताने चढवलं होतं. त्यात कुणी ढवळाढवळ केली नव्हती, याला मीच साक्षीदार. म्हणजे खोट तिच्या कामातच! हे मी साहेबांना सांगायचं? मी गप्प राहिलो तर निदान कुणीतरी बिघडवलं असेल असा संशय तरी राहील, म्हणून गप्प बसलो."

सुगरणीने बुवांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"आता दोघंही मला करून दाखवा," आत्या म्हणाली. "बुवा, आधी तुम्ही. सकाळचंच. जसंच्या तसं."

बुवा यंत्रासमोर बसले. एकदाच टकटक केली. काही ओळी पडद्यावर सरकल्या आणि थांबल्या. पंखा जागचा हलला नाही.

"झालं," बुवा म्हणाले. "सकाळीही असंच पटकन झालं. नवं यंत्र, दमदार यंत्र."

"झालं?" सुगरण ओरडलीच. "एवढ्यात होतच नाही ते!"

"मग तू दाखव."

सुगरण पुढे आली. तिच्या बोटांनी तीच छोटी टकटक केली, जी टेबलावर केली होती. मग दुसरी. आणि काही क्षणांत मोठ्या यंत्राचा पंखा असा ओरडू लागला की खडूस सरांचा हात सवयीने भिंतीकडे गेला.

"ती पहिली टकटक काय होती?" आत्याला ओरडून विचारावं लागलं.

"कुठली? ती होय? आधीचं बिल्ड झालेलं सगळं पुसून टाकते. मी दर वेळी पुसूनच सुरू करते. सगळे तसंच करतात ना?"

"मी नाही करत," बुवा म्हणाले. "तयार असलेलं कशाला फेकायचं? जेवढं बदललं तेवढंच नव्याने होतं. बिल्ड करणारा प्रोग्राम त्यासाठीच तर हुशार केलाय."

"हुशार नाही, आज्ञाधारक," आत्या म्हणाली. "तो फायलीच्या आत डोकावत नाही, तारीख बघतो. सोर्स नंतरचा आणि तयार माल आधीचा असेल तरच कामाला लागतो. सोर्स जुना दिसला तर म्हणतो, हे तर करून झालंय. सुगरण, तुझ्या खोक्यातलं घड्याळ चालतं का?"

सुगरणीने कपाळावर हात मारला. "आतली बॅटरी मेलीय. संध्याकाळी प्लग काढला की सकाळी ते कुठल्यातरी पुराणकाळातली तारीख दाखवतं. त्यामुळेच तर माझा बिल्ड सुरुवातीला फसायचा, म्हणून पुसायची सवय लागली. पुढे कारण विसरले आणि सवय राहिली."

"नेटवर्कला जोडलेलं असतं तर घड्याळ आपोआप लागलं असतं. ते नियमाने बंद. प्लग नियमाने बाहेर." आत्याने साहेबांकडे नुसतं पाहिलं. "तिच्या प्रत्येक फायलीवर पुराणातली तारीख. म्हणूनच आमच्या शहाण्याला तिची चित्रं पाताळात सापडतात. तो ते विनोद म्हणून सांगत होता."

"पण नक्कल केली की आजची तारीख पडते ना?" साहेबांनी विचारलं.

"साध्या माणसाने केली तर पडते. बुवांनी केली, म्हणून नाही पडली." बुवांच्या खांद्यावर हात ठेवून आत्या पुढे म्हणाली, "हे तारखांसकट नक्कल करतात. दुसऱ्याच्या वस्तूचा कणही बदलू नये म्हणून. त्यांनी इतकं जपलं नसतं तर काही बिघडलंच नसतं. प्रोग्रामने पाहिलं, सोर्स पुराणातला आणि तयार माल मागच्या आठवड्यातला. त्याने हात झटकले. आवृत्तीचा आकडा तेवढा दर वेळी नव्याने छापला जातो, तो छापला. पाटी नवी, दुकान जुनं. बुवा, तुम्ही सकाळी तिचं काम चढवलंच नाही. तुम्ही काही बिल्डच केलं नाही. पंखा ओरडला असता तर मानलं असतं."

पंखा आत्ता मात्र ओरडत होता. सुगरण हळूच खाली बसली आणि तिने बुवांचा हात धरला. मग साहेब तिच्यापाशी आले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "काल जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर आज मी विश्वास ठेवला नाही."

"सर, आधी चालतंय का बघू या," सुगरण म्हणाली. ती तशीच आहे.

खडूस सरांनी कोटातून कागदांचा गठ्ठा काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि आपल्या खोलीत निघून गेले. तिने पहिलं पान उलटलं. मग दुसरं. पंखा थांबेपर्यंत ती समासातले "वा" वाचत होती.

६

पाहुणे जेवून परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर सौजन्य होतं आणि नजर घड्याळावर. सुगरणीने पडद्यावरची अक्षरं मोठी केली होती. साहेब भिंतीपाशी, केबलच्या जवळ उभे राहिले.

पडद्यावर वैद्यबुवा दिसले. स्वेटर नीट केलेला, केस ओले करून बसवलेले. या माणसाने आयुष्यात चार माणसांसमोर कधी भाषण केलं नव्हतं. पण आत्याने त्यांना सांगितलं होतं, "सकाळी गप्प राहून जे बिघडवलंत ते बोलून दुरुस्त करा."

"नमस्कार," बुवा म्हणाले. "सकाळी तुमच्यासमोर जे तुटलं, ते या मुलीचं काम नव्हतं. ते मी चढवलेलं जुनं काम होतं. चूक माझी होती." पाहुणे आपसूक पुढे वाकले. "मी आयुष्यभर यंत्रं सांभाळली. रात्री-अपरात्री कुठे काय तुटलं ते जोडत आलो. तुटू नये म्हणून कुणी काही करू शकेल असं मला कधी वाटलंच नाही. हिने केलंय. हिच्या आधीच्या कुणाला जमलं नाही, हे मी सगळ्यांची यंत्रं सांभाळली म्हणून सांगतो. मला भीती वाटली की खरं सांगितलं तर हिचंच नुकसान होईल, म्हणून मी बोललो नाही. ते बोलायला हवं होतं. पोरी, मला माफ कर. तुझं काम चोख आहे."

सुगरणीने ओढणीने डोळे पुसले. मी पुसले नाहीत, कारण आत्या माझ्याकडे बघत होती.

पहिल्या रांगेतल्या पाहुण्या बाईंनी घसा साफ केला. "फार चांगलं बोलले हे," त्या म्हणाल्या. "पण आता मुख्य गोष्ट दाखवा. केबल कधी काढणार?"

साहेबांनी हात वर केला. उपटलेली केबल बुवांनी नमस्कार केला तेव्हापासून त्यांच्या मुठीतच होती.